पथ्याची परीक्षा

मल्टिपल स्क्लेरॉसिस हा मज्जातंतूंच्या आवरणावर शरीराची स्वतःचीच प्रतिकारशक्ती उलटल्याने जडणारा विकार होय. आपल्याकडे तो विरळा. तथापि मुंबई-पुण्याच्या पारशी समाजात त्याचे प्रमाण अधिक असल्याचे डॉ. नोशिर वाडिया प्रभृतींनी दाखवून दिले. औषधे महाग, म्हणून पथ्य सांगणाऱ्यांची वाण नाही.

यांतील एका प्रसिद्ध पथ्याचे मूळ नॉर्वेत आहे. तेथील किनाऱ्यावरच्या कोळ्यांत हा रोग कमी आणि दूधलोण्यावर पोसलेल्या आतल्या शेतकऱ्यांत अधिक, असे डॉ. रॉय स्वँक यांनी १९५२ मध्ये मांडले. संपृक्त स्निग्धांश अत्यल्प असलेला आहार देऊन त्यांनी १४४ रुग्णांवर ३४ वर्षे नजर ठेवली. पथ्य पाळणारे बरे राहिले, असा त्यांचा १९९० चा निष्कर्ष. पण तुलनेला दुसरा गटच नव्हता! प्रकृती ढासळल्यामुळेच एखाद्याचे पथ्य सुटले नसेल कशावरून? पुढे नॉर्वेतच ९२ रुग्णांवर माशांच्या तेलातील ओमेगा-३ ची रीतसर चाचणी झाली. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिच्या निष्कर्षांत काहीच लाभ दिसला नाही.

समजा, अशी परीक्षा रत्नागिरीत घ्यायची आहे. तेलाच्या गोळ्या दिसायला सारख्या करता येतात; बांगड्याचे कालवण कसे लपवणार? तेव्हा निदान तपासणाऱ्या डॉक्टरांना तरी रुग्णाचा गट ठाऊक नसावा. शिवाय हा रोग आपोआपही ओसरतो व उसळतो. दोन-तीन महिन्यांच्या प्रयोगाला अर्थ नाही. त्यातच पावसाळ्यात मासेमारी बंद, पाठोपाठ श्रावण. मासे आले तरी कालवणात नारळ असतोच, आणि त्याचा स्निग्धांश बहुतांशी संपृक्तच. म्हणजे एका हाताने दिलेले दुसऱ्या हाताने काढून घेतल्यासारखे! खाल्ल्याचे टिपण पुरेसे नाही; रक्ततपासणीचीही जोड हवी.

एकट्या या जिल्ह्यात पुरेसे रुग्ण मिळणार नाहीत. कोल्हापूर, पुणे, मुंबई जोडून घ्यावी लागेल, आणि ताटे निराळी असल्याने गटांच्या चिठ्ठ्या प्रत्येक ठिकाणी स्वतंत्रपणे टाकाव्या लागतील.

परंतु खरी अडचण चुलीपाशी आहे. हा विकार स्त्रियांत अधिक, तोही ऐन तारुण्यात. आपल्या घरांत रांधणारी बाई शेवटी जेवते, उरले तर मासा तिच्या वाट्याला येतो. तिच्या हाती पथ्याचा छापील कागद देऊन भागणार नाही. साऱ्या कुटुंबाच्या आहाराचा खर्च योजनेतच धरला पाहिजे. आणि पथ्याच्या भरवशावर कोणाही रुग्णाचे चालू औषध बंद होता कामा नये, ही अट पहिल्या दिवसापासून लेखी असावी.