नेमबाजीतील कंटाळा आणि त्याचा परिहार

पुण्याजवळ मुळा नदीच्या एका तीरावर वाकडपासून पिंपरी, आकुर्डी, भोसरी आणि पुढे चाकणपर्यंत पसरलेली कारखानदारी, आणि दुसऱ्या तीरावर 1994 सालच्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धांच्या निमित्ताने उभी राहिलेली म्हाळुंगे-बालेवाडीची श्री शिवछत्रपती क्रीडानगरी, अशी या परिसराची रचना आहे. पाळीचे काम आटोपून वा साप्ताहिक सुटीच्या दिवशी एअर रायफल हाती घेण्याची हौस असलेल्या येथील तंत्रज्ञास, कारकुनास वा विद्यार्थ्यास चांदमारीचे उत्तम स्थान नदी ओलांडताच सापडते. परंतु हौस लागणे सोपे आणि टिकणे कठीण, याचा अनुभव या खेळाइतका क्वचितच दुसरा खेळ देत असेल.

आरंभीचे काही महिने प्रगती झपाट्याने होते. पुढे मात्र गुणसंख्या एका पायरीवर येऊन थबकते आणि तोच रेंज, तेच दहा मीटरांचे अंतर, तेच निशाण पाहून मन विटू लागते. या निशाणाचा तपशील ध्यानात घेतला की मन का थकते, हेही उमगते. एअर रायफलच्या संपूर्ण लक्ष्याचा व्यास 45.5 मिलिमीटर, त्यावर आदळणारा छर्रा 4.5 मिलिमीटरचा, आणि दहा गुणांचा मध्यबिंदू अवघ्या अर्ध्या मिलिमीटरचा! स्पर्धेत 75 मिनिटांच्या मुदतीत असे 60 छर्रे झाडावयाचे असतात. इतक्या सूक्ष्म लक्ष्याशी सामना करताना जो नेमबाज दररोज ‘आज किती गुण झाले?’ हा एकच प्रश्न विचारतो, त्याला उत्तरही दररोज जवळजवळ एकच मिळते, आणि ज्या उद्योगातून नवे काही कळेनासे होते त्याचा कंटाळा येणे हा मनाचा स्वभावधर्मच होय. म्हणून प्रत्येक सरावाला त्या दिवसापुरता एक स्वतंत्र प्रश्न असावा, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

पहिला प्रश्न छर्ऱ्यांच्या समूहाचा, म्हणजे नेमबाज ज्याला ‘ग्रुप’ म्हणतात त्याचा. कारखान्यात वीस नगांची मापे घेतली असता सारी सारख्याच फरकाने मोठी निघाली, तर यंत्राची जुळवणी किंचित बदलून भागते. पण ती इतस्ततः विखुरलेली निघाली, तर यंत्राचीच तपासणी करावी लागते, हे चाकणचा कोणताही गुणवत्ता-निरीक्षक जाणतो. नेमबाजीतही न्याय हाच आहे. छर्रे एकाच जागी, पण मध्यापासून दूर पडत असतील, तर प्रथम साईटकडे, म्हणजे नेम धरण्याच्या साधनाकडे पाहावे. ते विखुरत असतील, तर उभे राहण्याची पद्धत, श्वास आणि ट्रिगरवरील बोट यांची चौकशी करावी. यासाठी कागदी निशाण उलटे लावून त्याच्या कोऱ्या बाजूवर पाच-पाच छर्रे मारावेत आणि गुणांचा विचार सर्वस्वी सोडून केवळ समूह लहान करण्याचा प्रयत्न करावा. वेधण्यास काळे वर्तुळच नसल्यामुळे दृष्टी आपोआप साईटवर स्थिर होते, आणि गुणांच्या धाकाने आखडलेला हात मोकळा होतो.

दुसरा प्रश्न आत्मज्ञानाचा आहे. छर्रा सुटल्याबरोबर, पडद्याकडे वा दुर्बिणीकडे न पाहता, तो कोठे लागला असावा हे मनाशी सांगावे आणि मगच प्रत्यक्ष पाहावे. अंदाज आणि वस्तुस्थिती यांतील अंतर जसजसे घटते, तसतसा नेमबाज स्वतःचा परीक्षक होत जातो. कारण ट्रिगर सुटण्याच्या क्षणी साईट कोठे होती हे ज्याने खरोखर पाहिले, त्यालाच हे भाकीत साधते. हाच अभ्यास छर्ऱ्याविनाही होतो. त्याला ड्राय फायरिंग म्हणतात. मात्र स्प्रिंगच्या साध्या एअर रायफलमध्ये छर्रा न भरता ट्रिगर ओढल्यास आतील यंत्रणेस इजा पोहोचते. हा सराव तशी सोय असलेल्या स्पर्धेच्या बंदुकीवरच करावा.

तिसरा प्रश्न धीराचा. त्याचा सराव खेळकर असूनही मोठा कठोर आहे. दहा गुणांच्या सलग छर्ऱ्यांची साखळी बांधावयास घ्यावी, आणि एक कडी तुटली की पुन्हा एकपासून मोजावे. तीन, मग पाच, मग सात अशी ती वाढत गेली की अखेरच्या छर्ऱ्याला छातीत होणारी धडधड हीच शिक्षिका बनते. ही साखळी किती लांबू शकते याचा दाखला आपल्याच मातीत आहे: सुमा शिरूर यांनी 2004 साली क्वालालंपूर येथील आशियाई स्पर्धेत एअर रायफलच्या 40 पैकी 40 गोळ्या दहावर मारून 400 पैकी 400 गुण मिळविले आणि विश्वविक्रमाची बरोबरी केली.

मित्रमंडळींत चुरस लावावयाची, तर जुन्या आणि नव्या नेमबाजांची तुलना थेट गुणांनी करू नये. प्रत्येकाने आपल्याच गेल्या महिन्याच्या सरासरीहून किती अधिक मिळविले, यावर निकाल द्यावा. कधी अंतिम फेरीचा प्रसंग उभा करून, एकाने हुकूम द्यावा आणि प्रत्येक छर्ऱ्यास 50 सेकंदांची मुदत ठेवावी. स्पर्धेची गोडी लागली, तर पुढचा मार्गही आखलेला आहे. 1951 साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय रायफल संघटनेचे पहिले अध्यक्ष लोकसभेचे पहिले सभापती गणेश वासुदेव मावळणकर होते, आणि राष्ट्रीय स्पर्धेच्या उंबरठ्यावरील स्पर्धा आजही त्यांच्याच नावाने भरते.

आसन व शस्त्र बदलणे हाही मन ताजे ठेवण्याचा मार्ग आहे. रायफल धरणाऱ्याने अधूनमधून एअर पिस्तूल घ्यावे. तेथे दहाचे वर्तुळ 11.5 मिलिमीटरचे, म्हणजे तुलनेने प्रशस्त असले, तरी शस्त्र एकाच हाताने पेलावयाचे असल्यामुळे अहंकार लवकर उतरतो. 50 मीटरच्या रायफल प्रकारात गुडघ्यावर, पालथे पडून आणि उभ्याने अशी तीन आसने असतात, व प्रत्येकाची साधना स्वतंत्र असते. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत यांनी 2010 साली म्युनिक येथे 50 मीटर प्रोन (पालथ्या) प्रकारात जगज्जेतेपद मिळविले, आणि राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळे यांनी 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये 50 मीटर तीन आसनांच्या अंतिम फेरीत 451.4 गुणांसह कांस्यपदक पटकाविले. त्या वेळी पुण्यात रेल्वेच्या चाकरीत असलेले स्वप्निल पहिल्या दोन आसनांनंतर पहिल्या तिघांत नव्हते. उभ्याच्या आसनाने त्यांना वर आणले. कोणते आसन निकाल फिरवील हे सांगता येत नाही, म्हणून ज्या आसनाचा आपल्याला तिटकारा, त्यालाच सरावाचा मोठा हिस्सा द्यावा, हा बोध यातून घेण्याजोगा आहे. ज्यांचे शरीर चपळ आहे, त्यांनी ‘टार्गेट स्प्रिंट’ची माहिती घ्यावी, त्यात 400 मीटर धावून येऊन धापा टाकीत दहा मीटरवरील पाच लक्ष्ये पाडावयाची असतात.

या साऱ्या विविधतेत एका गोष्टीत मात्र तिळमात्र बदल संभवत नाही. नळीचे तोंड सदैव लक्ष्याकडे, नेम धरीपर्यंत बोट ट्रिगरबाहेर, रेंजच्या अधिकाऱ्याचा हुकूम शिरसावंद्य आणि सराव संपताच बंदूक रिकामी असल्याची खातरजमा, हा शिरस्ता शंभराव्या दिवशीही पहिल्या दिवसासारखाच पाळला पाहिजे. कंटाळलेल्या मनाचा गच्चीवरून पक्ष्यांवर वा रस्त्यावरील डब्यांवर नेम धरण्याकडे ओढा असतो. तो मोह गुन्हा आणि अनर्थ या दोहोंकडे नेतो. छर्रे शिशाचे असतात, म्हणून सरावानंतर हात धुतल्याखेरीज अन्नास स्पर्श करू नये.

शेवटी एक वही ठेवावी. तीत गुणांचा जमाखर्च दुय्यम असावा. आजचा प्रश्न कोणता होता, उत्तर काय मिळाले आणि उद्या काय विचारावयाचे, एवढे तीन ओळींत लिहावे. अशी वही राखणाऱ्या नेमबाजाला रेंजवर जाण्यास कारण शोधावे लागत नाही, कारण कालचा अपुरा प्रश्न त्याची वाट पाहत असतो. ज्यांची रायफल कंटाळ्यापायी कपाटात पडून राहिली असेल, त्यांनी येत्या सुटीला ती अवश्य बाहेर काढावी, निशाण उलटे लावावे आणि गुण न मोजता पाच छर्रे मारून पाहावेत.