दोरीची दोन टोके

बैलाला कासरा, गाईला दावे, घोड्याला लगाम. ज्या त्या जनावरासाठी आपल्या भाषेने निराळा शब्द राखून ठेवला आहे. कुत्र्याच्या वाट्याला मात्र साखळी आली, आणि साखळी तर कैद्यालाही असते! शब्दावरून व्यवहार ओळखावा. आपल्या खेड्यांत कुत्रे एक तर रात्रंदिवस मोकाट हिंडते, नाही तर गोठ्याच्या खांबाला जन्मभर बांधलेले असते. त्याला दोरीने हाती धरून फिरावयास नेणे ही शहरातील बंगलेवाल्यांची हौस होय, असे आपण समजून चालतो. ही समजूत बरोबर नाही, आणि तिचे फळ पुष्कळदा एखाद्या अजाण मुलाला भोगावे लागते.

कुत्र्याला दाराशी बांधण्याची चाल फार जुनी आहे. इटलीतील पाँपेई हे शहर इ. स. 79 मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या राखेखाली गडप झाले. तेथील एका घराच्या प्रवेशद्वाराशी बारीक खडे जडवून काढलेले बांधलेल्या काळ्या कुत्र्याचे चित्र सापडले असून, त्याखाली ‘कुत्र्यापासून सावध’ अशा अर्थाचे लॅटिन शब्द आहेत. आजही कित्येक फाटकांवर आपण तीच पाटी वाचतो. घरधन्याला वाटते, बांधलेले कुत्रे अधिक तिखट होते व राखण चांगली करते. ते तिखट होते हे खरे. पण का होते याचा विचार आपण करीत नाही.

भय वाटले की कोणताही प्राणी प्रथम पळावयास पाहतो. खांबाला बांधलेल्या कुत्र्याची ती वाट बंद असते. मग त्याच्यापाशी दातांवाचून दुसरे काय उरते? त्यातच खोडकर पोरे लांबून खडे मारतात, रस्त्यावरची कुत्री समोर येऊन गुरगुरतात, ऊन सरकत येते आणि पाण्याची थाळी खांबाभोवती गुंडाळलेल्या साखळीमुळे हाताशी येत नाही. असे दिवसामागून दिवस गेले, म्हणजे एके दिवशी चेंडू आणावयास गेलेले घरचेच मूल चावले जाते आणि आपण म्हणतो, ‘कुत्रे बिघडले.’ प्राण्यांना क्रूरपणे वागविण्यास प्रतिबंध करणारा 1960 चा कायदा या बाबतीत स्पष्ट आहे. जनावराला अवाजवी आखूड वा जड साखळीने अवाजवी वेळ बांधून ठेवणे, तसेच नेहमी बांधून ठेवलेल्या कुत्र्याला पुरेसे हिंडू-फिरू न देणे, हे दोन्ही त्या कायद्याने अपराध ठरविले आहेत.

मग सोडून द्यावे काय? तेही नव्हे. मोकाट कुत्रे शेजाऱ्याच्या कोंबड्या धरते, सायकलस्वाराच्या मागे धावते, आणि पिसाळलेल्या कुत्र्याशी झुंजून तो भयंकर रोग घरात आणते. आपल्या ताब्यातील जनावरापासून माणसाला इजा होऊ नये म्हणून योग्य ती खबरदारी न घेणारा मालक, 2023 च्या भारतीय न्याय संहितेप्रमाणे सहा महिन्यांपर्यंत कैद अथवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही शिक्षांस पात्र होतो. कुंपण घातलेल्या आवारात त्याने मोकळे असावे आणि आवाराबाहेर पडताना घरच्या कोणा जाणत्या माणसाच्या हाती दोरी असावी, हा मधला मार्ग होय. कुंपण नसेल, तर दोन खांबांमध्ये उंचावर तार ताणून तीत सरकती कडी अडकवावी व तिला दोरी बांधावी. कुत्र्याला निदान अंगणभर चालता येते, आणि काही तास तसे ठेवण्यास हरकत नाही.

दोरीला फार खर्च नाही. चार ते सहा फूट लांबीची जाड सुती दोरी, नायलॉनची वा चामड्याची पट्टी पुरते. जड साखळीने मान अवघडते आणि उन्हात ती तापते. गळपट्ट्याखाली आपली दोन बोटे सहज शिराव्यात, इतका तो सैल असावा. पिलाची मान वाढत जाते आणि पट्टा मात्र तोच राहतो. अशाने तो मांसात रुतल्याची उदाहरणे गुरांच्या डॉक्टरांना ठाऊक असतात. गळ्यात सरकफास कधीही बांधू नये. फार ओढणाऱ्या कुत्र्याला छातीभोवतीचा पट्टा बरा. दोरी मनगटाभोवती गुंडाळू नये, आणि दांडग्या कुत्र्याची दोरी मुलांच्या हाती देऊ नये.

कुत्र्याचे शेपूट नळीत घातले तरी वाकडे ते वाकडेच, असे आपण म्हणतो. शेपटाचे काही असो, चाल सुधारता येते. कुत्र्याने ओढले की आपण जागीच थांबावे. दोरी सैल पडली की शाबासकी देऊन पुढे चालावे. ओढल्याने वाट खुंटते आणि सोबत चालल्याने ती मोकळी होते, हे त्याला थोड्या आठवड्यांत उमगते. हिसके व फटके यांची गरज नाही.

हा सहवास कोठवर जाऊ शकतो, हे पाहावयाचे असेल तर अंधांच्या वाटाड्या कुत्र्यांकडे पाहावे. पहिल्या महायुद्धात दृष्टी गमावलेल्या सैनिकांसाठी 1916 मध्ये जर्मनीतील ओल्डेनबुर्ग येथे अशा कुत्र्यांची शाळा निघाली. पुढे मॉरिस फ्रँक नावाचा अंध अमेरिकन तरुण स्वित्झर्लंडला जाऊन ‘बडी’ नावाची कुत्री घेऊन आला आणि 1928 मध्ये न्यूयॉर्कच्या वाहत्या रस्त्यातून तिच्यासह सुखरूप पार झाला. या कुत्र्यांच्या पाठीवर ताठ मूठ असते. पायरी आली, खड्डा आला, की कुत्रे थांबते आणि त्या मुठीतून धन्याच्या हाताला ते कळते. समोरून गाडी येत असता धन्याने ‘चल’ म्हटले, तरी ते हलत नाही. तशी शिकवणच त्याला दिलेली असते.

आपल्या अंगणातील कुत्र्याकडून आपल्याला इतके नको. त्याला दर वर्षी पिसाळ-रोगाची लस टोचून घ्यावी, एवढे तरी साधावे. गोव्यात 2014 पासून अशी लस टोचण्याची मोठी मोहीम झाली आणि माणसांतील हा रोग तेथे झपाट्याने घटला. त्या कामी मोकाट कुत्री जाळ्यांनी धरावी लागत; धन्याच्या हाती शांत उभ्या राहणाऱ्या कुत्र्याला मात्र सुई टोचणे क्षणाचे काम असते. इतके करूनही कोणी चावला गेलाच, तर जखम साबण व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवावी. हळद, तिखट, चुना काही लावू नये. आणि त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठावा. चावणारे कुत्रे मारून टाकू नये. त्याला सुरक्षित बांधून दहा दिवस नजरेखाली ठेवावे, परंतु माणसाच्या लसीसाठी त्या दहा दिवसांची वाट पाहू नये. रोगाची लक्षणे एकदा दिसू लागली, म्हणजे वैद्यकाचा इलाज जवळजवळ संपतो.

दोरीचे एक टोक कुत्र्याच्या गळ्यात असते. दुसरे खांबाला बांधले, तर कुत्रे खांबाचे होते. हाती धरले, तर ते घराचे होते. ज्या घरी कुत्रे असेल, त्या घरच्या माणसांनी आज संध्याकाळी अर्धा तास काढावा, खांबाची गाठ सोडावी आणि त्याला गावाच्या वेशीपर्यंत फिरवून आणावे.