घरच्या थिएटरचा संगणक : प्रणाली कोणती घालाल?

टीव्हीला जोडून चित्रपट पाहण्यासाठी संगणक तयार करून द्या, असे सांगणारे ग्राहक दुरुस्तीच्या दुकानांत येतात. किमतीवर ते तासभर घासाघीस करतात. कार्यप्रणाली मात्र दुकानदारावर सोपवतात. म्हणून याची माहिती आपल्या व्यापारी बांधवांना असावी, असे आम्हाला वाटते.

मायक्रोसॉफ्टने २००२ साली खास या कामासाठी विंडोज एक्सपीची मीडिया सेंटर आवृत्ती काढली. २०१५ च्या विंडोज १० मधून मीडिया सेंटर वगळले गेले. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नियमित आधारही संपला. विंडोज ११ च्या अटी बऱ्याच जुन्या यंत्रांना झेपत नाहीत.

असे यंत्र भंगारात काढण्यापूर्वी लिब्रइलेक वापरून पाहावे, असे आम्ही सुचवतो. लिनक्सवर आधारलेली ही प्रणाली २०१६ पासून मोफत मिळते. संगणक सुरू होताच कोडी हा चित्रपट-संगीताचा प्रोग्राम उघडतो. परवान्याचा खर्च नाही, त्यामुळे चोरीची विंडोज भरण्याचे कारणही उरत नाही. मात्र ती बसवताना डिस्क पूर्ण पुसली जाते. ग्राहकाचे लग्नाचे फोटो, हिशेब आधी दुसरीकडे उतरवून घ्या.

इंटरनेटवरील सशुल्क सेवा पाहणाऱ्याला ही प्रणाली देऊ नका. लिनक्सवर त्यांचे चित्र अनेकदा कमी स्पष्ट येते. त्याला परवान्याची विंडोज ११ च योग्य.

तेव्हा पैसे घेण्यापूर्वी एवढेच विचारा : पाहणार काय? उत्तरानुसार माल दिला, तर ग्राहक तक्रार घेऊन परतणार नाही.