एचआयव्ही आहे म्हणून नोकरी जात नाही

नोकरीवर रुजू होण्याआधी वैद्यकीय तपासणी होते. उंची, वजन, रक्तदाब, साखर, डोळे, छातीचा एक्स-रे. काही ठिकाणी या यादीत अजूनही एचआयव्हीची चाचणी गुपचूप घातली जाते. उमेदवाराला विचारलेले नसते. अहवाल पॉझिटिव्ह आला की तो परस्पर ऑफिसात पोहोचतो आणि उमेदवाराला एवढेच सांगितले जाते, 'तुम्ही मेडिकलमध्ये बसला नाहीत.' हे कायद्यात बसत नाही, याची कल्पना उमेदवाराला नसते आणि पुष्कळदा साहेबांनाही नसते.

मुंबईतला एक निकाल

या विषयातला एक महत्त्वाचा निकाल मुंबई उच्च न्यायालयाने 1997 मध्ये दिला. एका सार्वजनिक महामंडळात रोजंदारीवर काम करणाऱ्या कामगाराला कायम करण्याची वेळ आली, तेव्हा त्याची तपासणी झाली. तो एचआयव्हीबाधित निघाला आणि त्याचे काम गेले. अंगात ताकद होती, काम नीट जमत होते. आड आला तो फक्त रक्ताचा अहवाल. त्याने दाद मागितली. ओळख उघड झाली तर समाजात जगणे कठीण होईल, म्हणून न्यायालयाने त्याला नाव न देता खटला लढवू दिला. आजही तो निकाल 'एमएक्स विरुद्ध झेडवाय' या नावानेच ओळखला जातो.

न्यायालयाने दोन साधे प्रश्न विचारले. हा माणूस ते काम करू शकतो का? आणि काम करताना त्याच्यामुळे इतरांना खरोखर धोका आहे का? पहिल्याचे उत्तर 'हो' आणि दुसऱ्याचे 'नाही' असेल, तर केवळ एचआयव्ही आहे म्हणून काम नाकारणे हे समानतेच्या आणि जगण्याच्या हक्काविरुद्ध आहे, असे न्यायालयाने सांगितले. एक डॉक्टर म्हणून मला हा निकाल मोलाचा वाटतो, कारण 'फिट' या शब्दाचा वैद्यकीय अर्थही हाच आहे.

विज्ञान काय सांगते?

एचआयव्ही असुरक्षित लैंगिक संबंधातून, बाधित रक्तातून, दूषित सुईतून आणि आईकडून बाळाला होतो. एका टेबलावर काम केल्याने, एका डब्यातले जेवल्याने, कँटीनच्या कपातून, स्वच्छतागृहातून, घामातून किंवा डास चावल्याने होत नाही. कारखाना, बँक, शाळा, दुकान, एसटीची केबिन, यांपैकी कुठेही नेहमीच्या कामातून लागण होण्याची वाटच नसते.

तो निकाल लागला तेव्हा आपल्याकडच्या सामान्य रुग्णाला परवडेल असे औषध नव्हते. 2004 पासून सरकारी केंद्रांत एआरटीची औषधे मोफत मिळू लागली. आज बहुतेकांना रोज एक गोळी पुरते. ती नियमित घेतली तर रक्तातला विषाणू चाचणीत सापडणार नाही इतका कमी होतो, आणि तो तसाच राहिला तर लैंगिक संबंधातूनही जोडीदाराला लागण होत नाही. असा माणूस इतरांसारखीच वर्षानुवर्षे नोकरी करू शकतो.

शिवाय, नोकरीआधीच्या चाचणीने कंपनीच्या हाती काही लागत नाही. नुकतीच लागण झालेल्याचा अहवाल पहिले काही आठवडे निगेटिव्ह येऊ शकतो. आज निगेटिव्ह आहे म्हणून उद्याची हमी नाही.

कायदा काय देतो?

एचआयव्ही आणि एड्स प्रतिबंध व नियंत्रण कायदा 2017 मध्ये झाला आणि 10 सप्टेंबर 2018 पासून लागू झाला. तो खासगी आस्थापनांनाही बांधील आहे. त्यातल्या पाच गोष्टी प्रत्येक नोकरदाराने लक्षात ठेवाव्यात :

- नोकरीसाठी एचआयव्ही चाचणीची अट घालता येत नाही. चाचणीला नीट समजावून घेतलेली संमती लागते.
- केवळ एचआयव्ही आहे म्हणून नोकरी नाकारणे, काढून टाकणे किंवा कामावर वेगळी वागणूक देणे हा भेदभाव आहे.
- कामावरून कमी करायचेच असेल, तर कर्मचारी कामास अक्षम आहे किंवा इतरांना मोठा धोका आहे, असे स्वतंत्र, पात्र आरोग्यतज्ज्ञाचे लेखी मत आणि सोयीचे काम देणे का शक्य नाही याचे मालकाचे लेखी निवेदन, दोन्हींच्या प्रती त्याला द्याव्या लागतात.
- आजाराची माहिती गुप्त ठेवणे बंधनकारक आहे. न्यायालयीन कामकाजातून कळलेली अशी माहिती न्यायालयाच्या आदेशाशिवाय उघड करणाऱ्याला एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.
- शंभर किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनेत तक्रार अधिकारी हवा. रुग्णालयांसाठी ही मर्यादा वीस आहे.

अन्याय झाला तर

सर्वात आधी राजीनाम्यावर सही करू नका. 'तुमच्या भल्यासाठीच सांगतो, स्वतःहून सोडा' असे गोड शब्दांत सांगितले जाते. सही झाली की कागदोपत्री तुम्ही मर्जीने गेलात असे दिसते, आणि पुढची लढाई अवघड होते. कारण लेखी मागा. नेमणुकीचे पत्र, पगाराच्या पावत्या, तपासणीचे कागद, आलेले मेसेज जपून ठेवा. आधी आस्थापनेतल्या तक्रार अधिकाऱ्याकडे जा. तिथे दाद लागली नाही, तर राज्याने नेमलेल्या लोकपालाकडे, म्हणजे ओम्बड्समनकडे तक्रार करता येते. त्यांनी तीस दिवसांत आदेश द्यावा, असे कायदा म्हणतो. न्यायालयाचा मार्ग आहेच, आणि तिथेही नाव गुप्त ठेवण्याची विनंती करता येते. वकिलाचा खर्च झेपत नसेल, तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात चौकशी करा. महिलांना आणि कमी उत्पन्न असलेल्यांना तिथे मोफत मदत मिळते.

हा प्रश्न आरोग्याचाही

भेदभावाची भीती माणसाला चाचणीपासून दूर ठेवते. उपचार सुरू असलेला कर्मचारी बाटलीवरचे लेबल काढतो, सहकाऱ्यांसमोर गोळी घ्यायचे टाळतो, रजेचे कारण काय सांगू म्हणून एआरटी केंद्राची तारीख चुकवतो. गोळ्या चुकल्या की विषाणू पुन्हा वाढतो आणि औषधांना दाद न देणारा होऊ शकतो. म्हणजे ज्या धोक्याच्या नावाखाली माणसाला दूर ढकलले, तो धोका ढकलण्यानेच वाढतो.

म्हणून मालकांनी तपासणीच्या यादीतून ही चाचणी काढावी आणि औषधे आणण्याच्या दिवशी कारण न विचारता रजा द्यावी. आम्हा डॉक्टरांनी प्रमाणपत्रात 'या कामास पात्र' किंवा 'अपात्र' एवढेच लिहावे. निदान हे रुग्णाचे असते, ते ऑफिसच्या फाइलमध्ये जायला नको. आणि ज्यांच्या मनात शंका आहे, त्यांनी 1097 या मोफत हेल्पलाइनवर बोलावे किंवा जवळच्या सरकारी रुग्णालयातल्या आयसीटीसी केंद्रात जावे. तिथे चाचणी मोफत होते आणि अहवाल तुमच्याकडेच राहतो.