कूलर बंद करा, शूटिंग सुरू आहे!

मे महिन्यात नागपुरात कॉलेजची मुलं शॉर्ट फिल्म करत असतील, तर खोलीत पहिला हुकूम साउंड सांभाळणाऱ्याचा सुटतो: ‘कूलर बंद करा!’ बाहेर पारा 45 च्या घरात, आत लाइटची धग, सगळे घामानं निथळताहेत. तरीही कूलर बंद. कशासाठी?

त्या खोलीत बसलेल्या कुणालाच कूलर ऐकू येत नसतो, म्हणून! घरघर अखंड सुरू राहिली की मेंदू तिची दखल घेणं सोडून देतो आणि समोरच्याचं बोलणं तेवढं उचलून घेतो. माइक मात्र असली निवड करत नाही. त्याच्या लेखी नायिकेचा हुंदका आणि कूलरचा पंखा, दोघांचा मान सारखाच. रेकॉर्डिंग हेडफोनवर पहिल्यांदा ऐकलं की मुलं चक्रावतात. एवढा गोंगाट होता इथे? होता ना! आपलाच मेंदू तो गुपचूप पुसून टाकत होता.

गंमत पुढे आहे. शूटिंग संपल्यावर सगळ्यांनी अर्धा मिनिट जागच्या जागी गप्प उभं राहायचं आणि शांत खोलीचा आवाज रेकॉर्ड करायचा. याला ‘रूम टोन’ म्हणतात. शांततेचं रेकॉर्डिंग कशाला? दोन संवादांच्या मधे संपूर्ण निःशब्द तुकडा टाकून पाहा. स्पीकर बंद पडल्यासारखं वाटतं! प्रत्येक खोलीची शांतता निराळी असते, आणि कान ती ओळखतो. म्हणून त्या खोलीच्या शांततेला तिच्याच शांततेचं ठिगळ लावावं लागतं.

ही जाण कुठवर नेऊ शकते? पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये शिकत असताना उमेश कुलकर्णी यांनी ‘गिरणी’ हा लघुपट केला. आई घरात पिठाची गिरणी आणते आणि तिचा आवाज एका लहान मुलाच्या आयुष्यात घुसतो. एरवी ज्या घरघरीकडे कुणी लक्षही देणार नाही, तिच्यावर कथा उभी राहिली, आणि विद्यार्थ्याच्या त्या फिल्मला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

आता डोळ्यांकडे वळू. चोकवाल्या जुन्या ट्यूबलाइटखाली मोबाइलवर शूटिंग करा. कधीकधी पडद्यावर काळसर पट्टे सरकताना दिसतात. मोबाइल बिघडला? मुळीच नाही. त्याचं कारण शोधायला कोराडीपर्यंत जावं लागतं! तिथल्या वीजकेंद्रातलं जनित्र मिनिटाला 3,000, म्हणजे सेकंदाला 50 फेरे घेतं. त्याच तालावर आपल्या घरातली वीज दिशा बदलत राहते आणि ट्यूब सेकंदाला 100 वेळा मंद-प्रखर होते. आपल्याला ती स्थिर दिसते, कारण इतकी जलद लुकलुक डोळ्यांना टिपता येत नाही. कॅमेऱ्याला येते.

मग उपाय? शटर 1/50 सेकंदावर ठेवायचं. आता प्रत्येक फ्रेममध्ये प्रकाशाचे बरोब्बर दोन ठोके मावतात, कमी नाही की जास्त नाही, आणि पट्टे गायब! सीताबर्डीच्या एखाद्या खोलीत एक मुलगी बोटानं शटरचा आकडा बदलते आणि तिचा कॅमेरा कोराडीच्या अजस्र यंत्राच्या तालात येतो. किती विलक्षण आहे हे!

पण सगळ्यात मोठं नवल एडिटिंगच्या टेबलावर घडतं. धरमपेठेतल्या खिडकीत उभी असलेली मुलगी फ्रेमबाहेर बघते. कट. व्हरायटी चौकातून बस निघते. दोन्ही शॉट वेगवेगळ्या दिवशी घेतलेले, जागाही वेगळ्या. तरी प्रेक्षक ठामपणे सांगतो, ‘तिला बस जाताना दिसली.’ हे दृश्य कुठे शूट झालं? कुठेच नाही. ते प्रेक्षकाच्या डोक्यात तयार झालं.

सुमारे 100 वर्षांपूर्वी रशियात लेव्ह कुलेशोव्ह यांनी नेमकं हेच करून पाहिलं. एका नटाचा निर्विकार चेहरा त्यांनी कधी सूपच्या ताटलीला, तर कधी शवपेटीला जोडला. चेहरा तोच, पण बघणाऱ्याला कधी त्यावर भूक दिसे, कधी दुःख. अभिनय जोडणीतून उपजला होता!

आपल्या नागपूरचे राजकुमार हिरानी पुण्याच्या इन्स्टिट्यूटमध्ये हीच जोडणीची कला, म्हणजे संकलन, शिकले. मुन्नाभाईचे दिग्दर्शक म्हणून जग त्यांना ओळखतं, पण ‘3 इडियट्स’चं संकलनही त्यांचंच आहे.

एवढे कट होऊनही आपण ठेचकाळत का नाही? आरशासमोर उभे राहा. आधी स्वतःच्या डाव्या डोळ्याकडे बघा, मग उजव्याकडे. नजर हलली, पण डोळे हलताना तुम्हाला दिसले का? दिसणारच नाहीत. आपली नजर सेकंदाला साधारण तीन उड्या मारते आणि प्रत्येक उडीतलं पुसट चित्र मेंदू आपल्यापर्यंत पोचूच देत नाही. तुकडे जोडून सलग जग उभं करायचा सराव आपल्याला जन्मापासूनच आहे. दाराच्या कडीकडे जाणारा हात अर्ध्यात असतानाच कट केला तर तो खपून जातो, हे विद्यार्थ्याला कळतं, तेव्हा त्यानं याच सरावाचा हात धरलेला असतो.

म्हणून मला वाटतं, तीन मिनिटांची फिल्म करणारा विद्यार्थी कॅमेरा आणि सॉफ्टवेअर तर शिकतोच, पण त्याहून मोठी गोष्ट त्याच्या हाती लागते: आपण जे ‘पाहतो’ आणि ‘ऐकतो’, त्यातलं किती आपल्याच मेंदूनं रचलेलं असतं, याचा पत्ता. पुढे तो बँकेत गेला किंवा शेती करू लागला, तरी ही विद्या त्याच्याजवळ राहते. तुम्हालाही हवी असेल तर फी एक पैसाही नाही. आज रात्री स्वतःच्या खोलीचा अर्धा मिनिट मोबाइलवर रेकॉर्ड करा, इयरफोन लावा आणि इतकी वर्षं तुम्ही कोणकोणत्या आवाजांसोबत राहत होता ते मोजा!