रस आंबवतं कोण?

द्राक्षं कुस्करून झाकून ठेवली, तर वाईन आपोआप होते का, असं एका वाचकानं विचारलं आहे. रस आंबतो, पण आपोआप नाही. ते काम यीस्टचं. मण्यावरची पांढुरकी झाक म्हणजे यीस्ट, असा अनेकांचा समज असतो. ती झाक मेणाची. सालीवर यीस्ट असतं खरं, पण बहुतेक भलत्याच जातींचं. रसात थोडं अल्कोहोल तयार झालं की त्या जाती माना टाकतात. शेवटपर्यंत तग धरणारं सॅकरोमायसिस सेरेव्हिसी अखंड मण्यावर क्वचितच सापडतं, फुटलेल्या मण्यावर जास्त. २०१२ मध्ये इटलीतल्या संशोधकांनी दाखवलं, की हे यीस्ट गांधीलमाश्यांच्या पोटात हिवाळा काढतं आणि माश्या ते आपल्या अळ्यांनाही भरवतात. वाईनची वंशावळ गांधीलमाशीच्या पोटातून जाते, हे वाचलं तेव्हापासून या माशीबद्दल मला वेगळाच आदर वाटतो.

माशीच्या भरवशावर धंदा चालत नाही, म्हणून नाशिककडच्या वायनऱ्यांतही बहुधा निवडून वाढवलेलं यीस्ट घालतात. लिटरभर रसातल्या साधारण १७ ग्रॅम साखरेमागे एक टक्का अल्कोहोल मिळतं. गोड रसात २२० ग्रॅम साखर असली तर तेरा टक्क्यांच्या आसपास. रेड वाईनचा रस सालींसकट आंबवतात, कारण बहुतेक काळ्या द्राक्षांचा रंग सालीत असतो, गरात नाही. कार्बन डायऑक्साइडच्या बुडबुड्यांनी साली वर ढकलल्या जातात आणि टाकीत त्यांचा जाड थर तरंगतो. तो रोज खाली दाबावा लागतो, नाहीतर रंग नीट उतरत नाही आणि वरच्या साली खराब होतात.

यीस्ट जिवंत असतं, हे शोधण्याचं श्रेय सर्रास पाश्चरला दिलं जातं. ते मला खटकतं. त्याच्या वीस वर्षं आधी, १८३७ मध्ये, थिओडोर श्वान या सव्वीस वर्षांच्या जर्मन संशोधकानं हेच दाखवलं होतं. (फ्रान्समध्ये कान्यार द ला तूर आणि जर्मनीतच क्युट्झिंग हेही स्वतंत्रपणे तिथंच पोचले होते.) श्वाननं साखरेचं पाणी यीस्टसकट उकळलं. काही कुप्यांत त्यानं साधी हवा सोडली, काहींत तापवलेली. आंबणं सुरू झालं ते साध्या हवेच्या कुप्यांत. मग त्यानं विषं वापरून पाहिली. सोमलानं आंबणं थांबलं. सूक्ष्म प्राण्यांना मारणाऱ्या पण बुरशीला न बाधणाऱ्या कुचल्याच्या अर्कानं थांबलं नाही. म्हणजे आंबवणारा जीव प्राणी नसून बुरशीच्या जातीचा. किती साधा आणि किती सुंदर युक्तिवाद!

लीबिग आणि व्होलर या रसायनशास्त्रातल्या दिग्गजांनी १८३९ मध्ये या कल्पनेची निनावी टवाळी छापली. त्यात यीस्टचे किडे साखर खातात, आतड्यातून अल्कोहोल सोडतात, आणि त्यांच्या मूत्राशयाचा आकार शँपेनच्या बाटलीसारखा असतो! आंबणं ही निव्वळ रासायनिक घडामोड आहे, असं लीबिगचं म्हणणं होतं.

१८९७ मध्ये ब्युखनर या जर्मन रसायनशास्त्रज्ञानं यीस्ट वाळूत घोटून, पिळून रस काढला. पेशी नसलेल्या त्या रसानंही साखर आंबली. लीबिगचं अर्धं म्हणणं खरं ठरलं: काम रसायनांचंच, पण ती रसायनं बनवते जिवंत पेशी.

टवाळी छापून आली त्याच वर्षी श्वानचं पेशींवरचं पुस्तक निघालं. शालेय पुस्तकांत तो भेटतो तो या पेशी सिद्धांतापुरताच. पण पेशी आपल्याभोवतीचे पदार्थ कसे बदलून टाकते, हे सांगताना त्यानं त्यात उदाहरण घेतलं, ते वाईनच्या आंबण्याचंच.