प्रवासाला निघालेला आंबा

1994 साली लेक लग्न होऊन कोकणातून थेट जबलपूरला गेली. पहिल्याच उन्हाळ्यात मी मोठ्या हौसेने तिला परसातल्या पायरीची पेटी पाठवली. सासऱ्यांनी लावलेलं ते झाड, तिच्या लहानपणापासून लाडकं. पेटी एस.टी.ने मुंबईला आणि तिथून रेल्वेने पुढे गेली. काही दिवसांनी पत्र आलं, "आई, आंबे फार गोड होते. सगळ्यांनी मिटक्या मारत खाल्ले." ते पत्र मी शेजारपाजारी वाचून दाखवलं.

चार वर्षांनी जावईबापू सहज बोलून गेले, "त्या पेटीतून रसच गळत होता. दोन आंबे कसेबसे हाती लागले." लेक मान खाली घालून बसली. आईचं मन मोडू नये म्हणून ती खोटं बोलली होती!

दोष पायरीचा नव्हता. पायरी हा रसाचा आंबा. साल पातळ, गर मऊ. पिकला की घरातच संपवावा. लांबच्या वाटेला घट्ट गराचा, सावकाश पिकणारा हापूस बरा. पण त्याच्या पोटात कधी साका निघेल, सांगता येत नाही. बाहेरून सोन्यासारखा दिसतो आणि कापला की आत पांढरट, आंबूस गर. परक्या गावी लेकीने पाहुण्यांसमोर असा आंबा कापायचा, म्हणजे माहेरचीच शोभा.

मग आम्ही 'रत्ना'ची दोन कलमं लावली. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने नीलम आणि हापूस यांच्या संकरातून 1981 साली काढलेली ही जात. तिच्यात साका होत नाही. हापूसची चव हापूसचीच, हे मी कोकणातली असल्याने कबूल करते. पण पेटी उघडताना धाकधूक नसते, हेही खरं.

जात निवडली म्हणजे काम संपलं असं नाही. आंबा चौदा आणे तयार झाला की सकाळी झेल्याने देठासकट उतरवायचा. देठ तुटला तर चीक ओघळून साल भाजते. झाडावरून पडलेला आंबा कितीही चांगला दिसो, पेटीत घालायचा नाही. त्याचा मार आतला असतो, तो वाटेत कुजतो. एका पेटीत सारख्या तयारीचे आंबे हवेत, खाली-वर भाताचा पेंढा हवा आणि वारा खेळायला पेटीला फटी हव्यात.

मधल्या काळात ह्यांनी एकदा सुचवलं, "पायरी म्हातारी झाली. तोडून तिथे कलम लावू या. उगीच जागा अडवून बसली आहे." मी काहीच बोलले नाही. रात्री लेकीला फोन केला. ती म्हणाली, "बाबांना सांग, रत्ना पाठवा, हापूस पाठवा, पण पायरी तोडू नका. ती खायला मी येते."

पायरी अजून उभी आहे. तिच्या रसाची साठं उन्हात वाळवून मी जबलपूरला पाठवते, ती वाटेत बिघडत नाहीत. आणि मे महिन्यात लेक येते. ओसरीवर बसून, कोपरापर्यंत रस ओघळू देत पायरी चोखते. त्या वेळी "गोड आहे का गं?" असं मी विचारत नाही. नुसती तिच्याकडे बघत बसते.